गंजी घराला लागून रचू नये

(बचतगटाच्या सहयोगिनीचं सामुदायिक रेडिओवरचं भाषण)

 

आजचा विषय आहे बँकेतली ठेव आणि बाजारातला सट्टा, या दोन गोष्टी वेगळ्या का ठेवायच्या. तुम्हाला वाटेल, हे मोठ्या लोकांचं बोलणं आहे, आपला काय संबंध? पण गावोगावच्या बैठकांत मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. पहिला, “ताई, बँक बुडते म्हणजे नेमकं काय होतं?” दुसरा, “गटाचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत, व्याज थोडंच मिळतं. मग जास्त मिळेल तिथे का टाकू नयेत?” या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. म्हणून आज थोडं लांबून सांगते, धीर धरून ऐका.

आधी बँक काय करते ते बघू. आपण ठेवलेले पैसे बँकेच्या तिजोरीत तसेच बसून नसतात. बँक म्हणजे एक फार मोठा बचतगटच समजा. आपण महिन्याला शंभर, दोनशे रुपये जमा करतो आणि त्यातून कुणाला शेळीसाठी, कुणाला मुलीच्या फीसाठी कर्ज देतो. बँकही तेच करते. काही हिस्सा तिला रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, बाकीचा ती कर्जाने देते. म्हैस घेतली की दूध डेअरीला जातं आणि त्या पैशातून हप्ता फिटतो. दुकान टाकलं की गल्ल्यातून हप्ता फिटतो. कर्जाच्या मागे काम असतं. कधी म्हैस आटते, कधी पाऊस दगा देतो, कर्ज थकतं. तो धोका आहेच, पण तो समजण्यासारखा आहे आणि आपण तो बैठकीत बोलूनच घेतो.

सट्टा वेगळा. सट्ट्यात आपण एखादी वस्तू, शेअर किंवा जमीन घेतो ती एवढ्याच आशेवर, की उद्या कुणीतरी आपल्याला जास्त भाव देईल. त्या वस्तूतून दूध निघत नाही. भाव चढला तर फायदा, पडला तर सगळं गेलं. आपल्या स्वतःच्या पैशावर कुणी असा डाव खेळला तर तो त्याचा प्रश्न. पण बँकेने ठेवीदारांच्या पैशावर हा डाव खेळला तर काय होतं? जिंकला तर फायदा बँकेच्या मालकांचा आणि मोठ्या अधिकाऱ्यांचा. हरला तर तोटा ठेवीदारांचा. डाव एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा असला की खेळणाऱ्याचा हात आवरत नाही. सगळं दुखणं इथे आहे.

याचा सगळ्यात मोठा धडा जगाला अमेरिकेत मिळाला. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. १९२० नंतरच्या वर्षांत तिथे शेअर बाजार चढत होता. न्यूयॉर्कची नॅशनल सिटी बँक तिथल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक. या बँकेने आपलीच एक जोडकंपनी काढली होती. बँक ठेवी घ्यायची आणि जोडकंपनी शेअर आणि कर्जरोखे विकायची. बचत ठेवायला आलेल्या साध्या माणसाला सांगितलं जायचं की ठेवीवर व्याज कमी मिळतं, हे कागद घ्या. माणसाचा बँकेच्या नावावर विश्वास होता, म्हणून तो घ्यायचा. त्यात पेरू नावाच्या देशाचे कर्जरोखेही होते. पेरूची पत चांगली नाही, हे पैसे परत येणं कठीण आहे, असे अहवाल त्यांच्याच माणसांनी आधी दिले होते. तरीही ते रोखे लोकांना विकले गेले आणि पुढे बुडाले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. तेव्हा देशभर लागू असा ठेवींचा विमा नव्हता. बँकेला कुलूप लागलं की आयुष्यभराची पुंजी आत. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या ९,००० बँकांत गावाकडच्या छोट्या बँका फार होत्या आणि त्यातल्या सगळ्यांनी काही सट्टा खेळला नव्हता. पिकाचे भाव पडले, शेतकऱ्यांची कर्जं थकली आणि घाबरलेले लोक एकाच वेळी पैसे काढायला रांगेत उभे राहिले. चांगली बँकसुद्धा सगळ्यांचे पैसे एका दिवशी देऊ शकत नाही. मोठ्या शहरातल्या सट्ट्याची झळ खेड्यातल्या माणसाला अशी लागली.

१९३३ साली तिथल्या संसदेच्या समितीसमोर फर्डिनांड पेकोरा नावाच्या वकिलांनी मोठमोठ्या बँकवाल्यांची उलटतपासणी केली. नॅशनल सिटी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिचेल यांना त्यांनी प्रश्न विचारले. तेव्हा बाहेर आलं की या साहेबांनी १९२९ सालचा आयकर भरलाच नव्हता, कारण आपले शेअर बायकोला तोट्यात विकल्याचं त्यांनी कागदावर दाखवलं होतं. कागदावर बायकोचं नाव वापरायची रीत आपल्याकडचीच आहे असं नाही, बघा! लोक संतापले आणि मिचेल यांना पद सोडावं लागलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. मग १६ जून १९३३ रोजी त्यांनी एका कायद्यावर सही केली. सिनेटर कार्टर ग्लास आणि प्रतिनिधी हेन्री स्टीगल या दोघांनी तो आणला होता, म्हणून तो ग्लास-स्टीगल कायदा म्हणून ओळखला जातो. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. पहिली, जी बँक लोकांच्या ठेवी घेते तिने शेअर-रोखे खपवण्याचा धंदा करायचा नाही. दोन्हींपैकी एक निवडा. मॉर्गनसारख्या बलाढ्य बँकेलाही निवड करावी लागली. तिने ठेवी ठेवल्या, आणि रोख्यांचं काम करणारे लोक बाहेर पडून १९३५ मध्ये त्यांनी मॉर्गन स्टॅनली ही वेगळी कंपनी काढली. दुसरी गोष्ट म्हणजे ठेवींचा विमा. जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीची हमी मिळाली.

या दोन गोष्टी जोडीने का आल्या ते लक्षात घ्या. ठेवींना हमी मिळाली की ठेवीदार निर्धास्त होतो, रांगा लागत नाहीत. पण हमी आहे म्हटल्यावर बँकेलाही वाटू शकतं की आता बेधडक खेळू, बुडलं तर विमा आहेच. म्हणून हमी देतानाच मध्ये भिंत घातली.

आपण कडब्याची गंजी घराला लागून रचत नाही. मध्ये जागा सोडतो. गंजीला कधीच आग लागणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. पण लागली तर घर वाचावं, म्हणून ती जागा. या कायद्याचा अर्थ एवढाच होता.

पुढे काय झालं? बरीच वर्षं शांततेत गेली की माणसाला ती मधली जागा वाया गेल्यासारखी वाटते. बँकवाले म्हणू लागले की जग बदललं, हा कायदा जुना झाला. हळूहळू नियम सैल होत गेले. १९९८ मध्ये सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या दोन कंपन्या एक झाल्या आणि ठेवी, विमा, शेअर सगळं एका छपराखाली आलं. ही सिटीकॉर्प म्हणजे त्या जुन्या नॅशनल सिटी बँकेचीच पुढची पिढी. नोव्हेंबर १९९९ मध्ये भिंतीचा मुख्य भाग कायद्यानेच काढून टाकला. नऊ वर्षांनी, २००८ मध्ये, घरकर्जांवर रचलेल्या सट्ट्याचा डोलारा कोसळला. त्या एकत्र झालेल्या सिटीग्रुपला वाचवायला अमेरिकेच्या सरकारला ४५ अब्ज डॉलर घालावे लागले. ते पैसे पुढे परत आले, पण त्या वेळी घातले ते जनतेचे.

यावर दुसरी बाजूही आहे. काही जाणकार म्हणतात की २००८ मध्ये सप्टेंबरला बुडालेली लेहमन ब्रदर्स ही ठेवी घेणारी नेहमीची बँक नव्हतीच, मग भिंत असती तरी ती बुडालीच असती. हे खरं आहे. भिंतीने आग लागायची थांबत नाही. पण आग लागल्यावर सरकारसमोर प्रश्न येतो की कुणाला वाचवायचं. घर आणि गंजी वेगळी असली तर सरकार म्हणू शकतं, गंजी जळू द्या, घर वाचवा. दोन्ही एकच असलं तर घरासाठी गंजीवाल्याचाही तोटा भरून द्यावा लागतो. म्हणूनच इंग्लंडने २०१३ मध्ये कायदा करून ठरवलं की मोठ्या बँकांनी साध्या लोकांच्या ठेवींचं काम एका वेगळ्या कुंपणात ठेवायचं. ते २०१९ पासून लागू झालं.

आता आपल्याकडे या. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर आपल्या देशाने ठेवींच्या विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो सुरू झाला. तेव्हा हमी होती १,५०० रुपयांची. १९९३ पासून १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये. म्हणजे एका बँकेत एका खातेदाराच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत.

सट्ट्याची आग आपल्याकडेही घरापर्यंत आलेली आहे. २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेने ठेवीदारांचे कित्येकशे कोटी रुपये केतन पारेख या शेअर दलालाच्या कंपन्यांना कर्जाने दिले होते. बाजार पडला आणि बँक अडकली. तिच्यात ठेवी ठेवलेल्या दुसऱ्या सहकारी बँकाही अडचणीत आल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना शेअर दलालांना कर्ज देण्याची बंदी केली.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण उघडकीला आलं. जिल्हा बँक म्हणजे शेतकऱ्यांची बँक, पीककर्ज देणारी. तिने सरकारी रोखे घेण्यासाठी होम ट्रेड आणि इतर खासगी दलाल कंपन्यांकडे शंभर कोटींहून जास्त रुपये दिले. सरकारी रोखे म्हणजे सगळ्यात सुरक्षित वस्तू. पण पैसे गेले आणि रोखे आलेच नाहीत. त्या होम ट्रेडच्या जाहिरातीत सिनेमातले आणि क्रिकेटमधले देशातले मोठे चेहरे झळकत होते. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचेही पैसे यात अडकले. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी, नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या त्या वेळच्या अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर वरच्या न्यायालयात अपील झालं. शिक्षा होते न होते, तोवर ठेवीदार आणि शेतकऱ्यांची उमेदीची वर्षं निघून गेली.

आणि २०१९ ची पीएमसी बँक तुम्हाला आठवत असेल. तिची बहुतेक कर्जं एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेली होती. २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुढे ती मर्यादा वाढत गेली, २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण ५ लाखांवरची ठेव असलेल्यांना हप्त्याहप्त्याने १० वर्षांपर्यंत थांबायचं ठरलं. दवाखान्याचं बिल आज भरायचं असतं, मैत्रिणींनो, दहा वर्षांनी नाही.

आता आपल्या गावच्या शाखेत या. आपल्याकडे बँकांनी शेअर बाजारात किती गुंतायचं याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. पण त्याच खिडकीवर विमा आणि म्युच्युअल फंड विकायची बँकांना परवानगी आहे. आमच्या एका गटातल्या मावशी कापूस विकून आलेले पैसे मुदत ठेवीत ठेवायला बँकेत गेल्या. समोरच्या माणसाने सांगितलं, “याच्यात जास्त मिळेल, पाच वर्षांनी काढा.” मावशींनी विश्वासाने सह्या केल्या. घरी कागद आला तो बैठकीत आणला. आमच्या सचिव बारावी शिकलेल्या आहेत, त्यांनी वाचून दाखवला. ती विम्याची पॉलिसी होती आणि दर वर्षी तेवढेच पैसे भरायचे होते! नशीब की कागद वेळेत उघडला. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्यांनी लेखी अर्ज दिला आणि थोडी कपात होऊन पैसे परत मिळाले. शंभर वर्षांपूर्वी नॅशनल सिटी बँकेच्या खिडकीवर जे घडत होतं, तेच हे लहान रूपात.

मी विमा वाईट म्हणत नाही. घरातल्या कमावत्या माणसाचा विमा असावाच. पण बँकेत जे विकलं जातं ते सगळं बँकेची ठेव नसतं, आणि त्याला ती ५ लाखांची हमी नसते. म्हणून सही करण्याआधी विचारा, “ही मुदत ठेव आहे का? पावतीवर तसं लिहून येईल का? व्याज किती आणि पैसे कधी मिळतील?” कर्ज हवं असेल तर आमच्याकडचाच विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. तक्रार करायची असेल तर आधी शाखेत लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आणखी एक. गावातली पतसंस्था आणि बँक यांत फरक आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा ५ लाखांचा विमा लागू नाही. काही पतसंस्था उत्तम चालतात, त्यांचा मान आहे. पण नुसत्या जास्त व्याजाकडे बघून सगळी पुंजी तिथे ठेवू नका. संस्था कर्ज कुणाला देते, थकबाकी किती आहे, लेखापरीक्षणात वर्ग कोणता मिळाला, हे सभासद म्हणून वार्षिक सभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता तो दुसरा प्रश्न. गटाचे पैसे जास्त मिळेल तिथे का टाकू नयेत? हल्ली मोबाइलवर शेअर बाजाराचा सट्टा आला आहे. वायदे बाजारात खेळणाऱ्या साध्या लोकांचा सेबीने अभ्यास केला, तो सप्टेंबर २०२४ मध्ये आला. तीन वर्षांत १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला होता. आणि सहा महिन्यांत दामदुप्पट देणारे तर गावात येतच असतात.

आपल्या गटाचे पैसे नुसते पडून नसतात. ते आजारपणात त्याच दिवशी मिळतात, पेरणीला मिळतात, सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवतात. अंतर्गत कर्जाचं व्याज आपल्याच गटात राहतं. एखाद्या ताईने घरखर्च, कर्जाचे हप्ते, अडीअडचणीचे पैसे बाजूला काढून स्वतःची थोडी रक्कम समजून-उमजून म्युच्युअल फंडात घातली, तर तो तिचा निर्णय. पण गटाच्या पैशात अशी बाई आहे जिने रोजगाराला जाऊन शंभर रुपये आणले आहेत. तिला न विचारता तिच्या पैशावर डाव लावायचा अधिकार अध्यक्षांना नाही, सचिवांना नाही आणि मला सहयोगिनीलाही नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत चार गोष्टींचा ठराव करा. एक, गटाची बचत आणि फिरता निधी फक्त गटाच्या नावाच्या बँक खात्यात आणि अंतर्गत कर्जात राहील. दोन, शेअर बाजार, वायदे किंवा दामदुप्पट योजनेत घालण्यासाठी गट कर्ज देणार नाही, मग मागणारी आपली सख्खी जाऊ का असेना. तीन, पैसे काढायला ठरल्याप्रमाणे सह्या लागतील आणि कोऱ्या चेकवर किंवा स्लिपवर कुणी आधी सही करून ठेवणार नाही. चार, बँकेतून कुणी कुठलाही नवा कागद आणला तर तो बैठकीत मोठ्याने वाचायचा.

कर्ज मागणाऱ्या बाईला आपण बैठकीत विचारतो, “कशासाठी हवं, फेडणार कशातून?” अमेरिकेतल्या त्या मोठ्या बँकांना हा साधा प्रश्न वेळेवर कुणी विचारला नाही. तुमच्या बँकेला आणि पतसंस्थेला तो विचारायला लाजू नका. ठराव इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्या. ज्या गटांना ठराव कसा लिहायचा हे विचारायचं असेल त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत मला भेटा.